व्हाइटनरखालचं नाव

एबी फॉर्म म्हणजे एक कागद नव्हे, दोन. टीव्हीवर दिवसभर ‘एबी फॉर्म, एबी फॉर्म’ ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे ठाऊक नसतं. ए फॉर्ममध्ये पक्ष सांगतो, आमच्या वतीने उमेदवार ठरवायचा अधिकार अमक्याला. बी फॉर्ममध्ये तो अमका सांगतो, या जागेवर आमचा उमेदवार तमका. दोन्हींवर सही शाईची हवी. झेरॉक्स नाही, रबरी शिक्का नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तर नाहीच. आणि दोन्ही कागद शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत टेबलावर आले पाहिजेत.

मी महसूल खात्यातला अव्वल कारकून. निवडणूक आली की आमची रवानगी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दिमतीला होते. ३० डिसेंबर २०२५ ला, महापालिकेच्या अर्जांच्या शेवटच्या दिवशी, मी अर्ज स्वीकारण्याच्या टेबलावर होतो. काम बाहेरून वाटतं तसं कागद घेऊन पावती फाडण्याचं नसतं. सूचक-अनुमोदक त्याच प्रभागाचे आहेत का, अनुक्रमांक मतदार यादीशी जुळतो का, शपथपत्राचा एखादा रकाना कोरा राहिलाय का, जात पडताळणीचा कागद, थकबाकी नसल्याचा दाखला, खर्चासाठी उघडलेलं वेगळं बँक खातं, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांचं, घरात शौचालय असल्याचं... रकाना कोरा सोडू नका, ‘निरंक’ लिहा, हे वाक्य मी झोपेतही म्हणतो असं बायको सांगते.

त्यात आमच्याकडे याआधीचं मतदान २०१७ चं. २०२२ ला मुदत संपली, मग ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात आणि शहर प्रशासकाच्या हाती. एवढ्या वर्षांचे इच्छुक एकदम तुंबलेले. शेवटच्या दिवसापर्यंत युती आहे की तुटली हे पक्षांनाच ठरवता येत नव्हतं, त्यामुळे सगळी गर्दी दोन ते तीनच्या दरम्यान आली.

त्या गर्दीत एक ताई होत्या. नाव नाही सांगत. चौघांच्या प्रभागातली ओबीसी महिलेची जागा. अर्ज त्यांनी आदल्याच दिवशी भरले होते, दोन. एक पक्षाच्या नावाने, एक अपक्ष. मुरलेला माणूस असंच करतो. फाइल इतकी नेटकी की मी शेजारच्या पोराला म्हटलं, बघ, असा अर्ज असतो. पक्षाने मागितलेलं सगळं त्यांनी केलं होतं: इच्छुक म्हणून शुल्क भरून अर्ज, मुलाखत, बूथप्रमुखांची यादी. पक्षाचं सर्वेक्षणही झालं होतं म्हणे. आता फक्त बी फॉर्म यायचा होता.

“भाऊसाहेब, आमचा कागद आला का?”

“नाही ताई, अजून नाही.”

हे आमचं दर दहा मिनिटांनी. दोन वाजता त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आवाज आला, “फॉर्म रस्त्यात आहे, तुम्ही बसून राहा.”

दोन चाळीसला पक्षाचा एक पदाधिकारी फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. प्रत्येक बी फॉर्म संबंधित अर्जाला जोडायचा, वेळ टाकायची, सही घ्यायची. त्या जागेचा फॉर्म हातात आला आणि नावाच्या रकान्यावर बोट खरखरलं. व्हाइटनर. वरती नवं नाव, बाजूला सही करणाऱ्याची बारीक सही. फॉर्म उलटा केला. बॉलपेन दाबून लिहिणाऱ्याचं अक्षर मागच्या बाजूला उमटतं. ट्यूबलाइटखाली कागद जरा कलता धरला तर उलट वाचता येतं. नवं नाव उमटलं होतंच, पण त्याच्यात अडकलेलं दुसरंही होतं. ताईंचं आडनाव मोठं आहे, चुकायला वाव नव्हता.

समोर चार फुटांवर त्या बसलेल्या.

मी फॉर्म आरओ, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी, मॅडमपुढे ठेवला आणि खाडाखोड आहे एवढंच सांगितलं. त्यांनी बाजूची सही पाहिली, नोंद करून घ्या म्हणाल्या. मग मी ताईंना सांगितलं, तुमच्या जागेवर पक्षाचा फॉर्म आला आहे, दुसऱ्या नावाने. त्यांनी ते नाव विचारलं. मी सांगितलं. जागा मिळालेल्या बाईंचे यजमान माजी नगरसेवक, आणि दोघांचा पक्षप्रवेश त्याच आठवड्यातला. ताई काही बोलल्या नाहीत. ओरडले ते त्यांच्याबरोबरचे लोक, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांना लगेच ‘बंडखोर’ मिळाली. बंड कुणी केलं होतं, देव जाणे. ती बाई खुर्चीतून उठलीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी नोंदवही जुळवताना आणखी एक गोष्ट दिसली. त्या दुसऱ्या बाईंचा अर्ज दुपारी बाराच्या आत दाखल झाला होता, आणि त्यात पक्षाचं नाव लिहिलेलं होतं. म्हणजे त्यांना बाराला माहीत होतं? मग ताईंना दोनला ‘रस्त्यात आहे’ कशाला? की त्यांनीही नुसत्या आशेवर नाव लिहिलं आणि निकाल लागला तो खरंच अडीचला? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मुलाखती, सर्वेक्षण हा सगळा देखावा असतो असं आपण सहज म्हणतो. पण देखावाच होता तर ताईंचं नाव त्या फॉर्मवर आलंच कसं? कुणीतरी, कधीतरी, त्यांना निवडलं होतं. आणि मग कुणीतरी बाटलीचं झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी छाननीत त्यांच्या वकिलांनी हरकत घेतली. सही करणारे पदाधिकारी हजर राहिले, दुरुस्ती माझीच, सही माझीच, म्हणाले. मॅडमनी हरकत फेटाळली. आदेश मीच टाइप केला: पक्षाचा इरादा स्पष्ट आहे, पक्षांतर्गत निवड हा छाननीच्या कक्षेतला विषय नाही. आदेश योग्यच होता. मी मॅडमच्या जागी असतो तर हाच दिला असता. सरकारी अधिकारी उद्या पक्षांचे उमेदवार तपासायला लागला तर त्याच्याइतकं धोक्याचं काही नाही. तरीही तो आदेश माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण नोव्हेंबरात आम्हीच आरक्षणाची सोडत काढली होती. पारदर्शक ड्रम, शाळेची मुलं चिठ्ठ्या काढणार, प्रत्येक चिठ्ठी सभागृहाला दाखवायची, व्हिडिओ चित्रीकरण, त्यानंतर हरकती-सूचना. जागा महिलेची की नाही हे ठरवायला एवढा उजेड, आणि त्या जागेवर कुठली महिला उभी राहणार हे हॉटेलच्या बंद खोलीत. मतदाराला जे चार पर्याय मिळतात, ते बहुतेक त्या खोलीतूनच येतात.

शेजारच्या टेबलावरचा पोरगा एमपीएससीचा अभ्यास करतो. तो म्हणाला, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलंय की गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर का दिला याची कारणं पक्षाने जाहीर करायची, आणि ‘निवडून येईल’ एवढं कारण चालणार नाही. बरोबर आहे. पण तो आदेश लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांबद्दलचा, आणि तोही गुन्हे असलेल्यांपुरता. एकही गुन्हा नसलेली, फाइल नेटकी ठेवणारी बाई का नको झाली, हे सांगायला कुणीच बांधील नाही.

हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी पुढे एकच विचारलं: मग निवडून कोण आलं? ते मी मुद्दाम सांगत नाही. आकडा ऐकला की लोक त्यावरून तिकीट बरोबर की चूक ते ठरवून मोकळे होतात.

ताईंनी २ जानेवारीला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, आपला अपक्ष अर्ज मागे घेतला नाही. त्या दिवशी तीन वाजेपर्यंत तो गठ्ठेवाला पदाधिकारी आमच्या दारात फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता, तेवढं पाहून मला बरं वाटलं. सरकारी माणसाला वाटू नये, पण वाटलं.

परवा चहाला त्या पोराला म्हटलं, निवडणूक आयोग उमेदवाराला घरच्या शौचालयाबद्दल लिहून द्यायला लावतो, तर बी फॉर्ममध्ये आणखी एक रकाना टाकायला काय हरकत आहे? ‘निवड कशी केली: सदस्यांचं मतदान, मुलाखत की अन्य, आणि कोणत्या तारखेला.’

तो हसला. म्हणाला, “सगळे ‘सर्वानुमते’ लिहितील. आणि नाही लिहिलं तर तुम्हीच सांगाल, रकाना कोरा सोडू नका, निरंक लिहा.”