ताईला यादी लागते

मागच्या रविवारी मी सांगलीला घरी होते तेव्हा ताईने पोहे करायला घेतले. पोहे भिजवले, कांदा चिरला, कढईत तेल टाकलं, मोहरी तडतडली आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दूधवाला होता. पैसे देऊन परत आली आणि ओट्यापाशी नुसती उभीच राहिली, मोहरी काळी पडत चाललीय, हातात कढीपत्त्याची डहाळी आहे, पण पुढं काय करायचं ते तिला सुचेचना. मी गॅस बंद केला. आई आतून म्हणाली, "लक्ष कुठंय गं तुझं?" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा वर्षांची असल्यापासून पोहे करते ती.

ताईला स्किझोफ्रेनिया आहे. आजारी पडली तेव्हा २९ वर्षांची होती, लग्नाला चार वर्षं झालेली. माझ्या मावसभावालाही, म्हणजे दादाला, हाच आजार, त्याला १९ व्या वर्षी झाला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. आमच्याकडे सगळ्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे की ताईचं बरंच बरं आहे, दादाचं मात्र वाया गेलं. इतकी वर्षं मीही तेच म्हणायचे, म्हणून आज लिहायला बसलेय.

वयाचा हा फरक फक्त आमच्या घरातला नाही. पुरुषांमध्ये हा आजार बहुतेक वेळा विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांमध्ये सरासरी तीन-चार वर्षं उशिरा, आणि पाळी जाण्याच्या वयात बायकांमध्ये अजून एक छोटी लाट येते. जर्मनीत मानहाइमला हाफ्नर नावाच्या डॉक्टरांनी यावर फार बारकाईनं काम केलंय. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन मेंदूला थोडं संरक्षण देतं असा त्यामागचा विचार. पण मला वाटतं साधी गोष्टही लक्षात घ्यायला हवी, २९ व्या वर्षापर्यंत ताईचं शिक्षण झालं होतं, तीन वर्षं नोकरी झाली होती, बँक, प्रवास, चार पाहुण्यांचा स्वयंपाक सगळं अंगवळणी पडलेलं. दादाला ते कमवायला वेळच मिळाला नाही. मग दोघांना शेजारी बसवून कोण जास्त बरं हे कसं ठरवायचं?

आजार म्हटलं की लोकांना आवाज ऐकू येणं, संशय एवढंच दिसतं. ते गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात येतं. राहतं ते वेगळंच, लक्ष टिकत नाही, डोकं सावकाश चालतं, ऐकलेलं निसटतं, कामाचा क्रम लावता येत नाही. क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं शंभरावर वर्षांपूर्वी या आजाराला नावच दिलं होतं डिमेन्शिया प्रीकॉक्स, म्हणजे तरुण वयातली बुद्धीची घसरण. १९०८ मध्ये ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं स्किझोफ्रेनिया हे नाव आणलं, आपल्याकडे त्याचं छिन्नमनस्कता झालं, आणि एका माणसात दोन माणसं असतात असला भलताच समज पसरला. स्मरणशक्तीचं, लक्षाचं काय होतं ते कुणाला माहीतच नाही.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ताईची नीट टेस्ट झाली. आधी सायकॉलॉजिस्टनी शब्दांची यादी वाचून दाखवली, आठवतील तेवढे सांगा म्हणाल्या, ते तिनं बऱ्यापैकी सांगितले. मग एक कागद दिला, वरती प्रत्येक आकड्याला एक खूण ठरवून दिलेली, खाली नुसते आकडे, त्यांच्याखाली ठरलेल्या वेळात खुणा भरत जायच्या. ताई एकेका खुणेसाठी तीन-तीनदा वर बघत होती, पेन्सिल घट्ट धरलेली, बोटं पांढरी पडलेली. वेळ संपली तेव्हा दोन ओळीसुद्धा झाल्या नव्हत्या. या आजारात सगळ्यात जास्त घसरण याच टेस्टमध्ये दिसते म्हणे. सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या, "बोलतात छान, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही."

हेच ते. बऱ्याच अभ्यासांत आजार असलेल्या बायका शब्दांच्या स्मरणात पुरुषांपेक्षा थोड्या पुढं असतात आणि पुरुष आकार, जागा, नकाशा अशा गोष्टींत, जसं आजार नसलेल्या लोकांतही सरासरीनं दिसतं. काही अभ्यासांत फरकच सापडला नाही, काहींत उलटंही आलं. आणि आजारी बाई-पुरुषातला फरक छोटा आहे, आजारी आणि निरोगी माणसातला मोठा. पण नातेवाईकांना ताईचं फक्त बोलणं ऐकू येतं, त्या बोलण्याच्या आड तिची पेन्सिल किती हळू चालते ते कुणी बघत नाही.

सासरी तिची परीक्षा रोज व्हायची, स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, एकीकडे पोळ्या, मधेच फोन, सासऱ्यांची गोळीची वेळ. यापेक्षा अवघड टेस्ट कुठल्या दवाखान्यात घेतात सांगा मला! ती नापास होत गेली आणि त्याला नाव पडलं कामचुकार. शेवटी माहेरी आणून सोडलं. चेन्नईच्या स्कार्फ या मानसिक आजारांवर काम करणाऱ्या संस्थेत डॉ. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लग्न मोडलेल्या अशा बायकांवर अभ्यास केलाय, २००३ मध्ये छापून आला, तो वाचताना मला आमचंच घर दिसत होतं. दादाला कुणी कधी चहासुद्धा करायला सांगितला नाही. त्याला एकच प्रश्न, नोकरीचं काय? आणि हाच दादा बिघडलेला मिक्सर खोलून सगळे स्क्रू ओळीनं मांडतो आणि परत जोडून चालू करून देतो, ते कुणी मोजतच नाही. आळशी म्हणतात त्याला. तो आळशी नाहीये, उमेद आटणं हे त्या आजाराचंच लक्षण आहे आणि ते पुरुषांमध्ये जास्त दिसतं.

औषधांचंही तसंच. ताईची पाळी आठ महिने बंद होती. काही गोळ्यांनी प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, पाळी थांबते, इस्ट्रोजेन कमी होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं नाही आणि बाबा शेजारी बसलेले असताना ती आपणहून कशी सांगणार? मेलबर्नच्या डॉ. जयश्री कुलकर्णी, नाव वाचून मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं, त्यांच्या टीमचा २००८ चा एक अभ्यास आहे, १०२ बायका, नेहमीच्या औषधासोबत काहींना त्वचेवर लावायचा इस्ट्रोजेनचा पॅच, २८ दिवस, आणि पॅचवाल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. असला पॅच स्वतःच्या मनानं लावायचा नसतो, धोके आहेत त्याचे. पण पाळीबद्दल प्रश्न विचारायला काय धोका आहे?

आणि ती हात थरथरू नयेत म्हणून दिलेली छोटी गोळी, ट्रायहेक्सीफेनिडिल. ती स्मरणशक्तीवर परिणाम करते हे मला सहा वर्षांनी कळलं. सहा वर्षं! आत्ताच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी लगेच ऐकून घेतलं आणि हळूहळू डोस कमी करत आणला. घरच्या घरी अचानक बंद करू नका कुणी, प्लीज.

आता ओट्याच्या वरच्या टाइलवर ताईच्याच अक्षरात एक यादी चिकटवलीय. तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, कांदा, हळद, पोहे. सगळ्यात वर लाल पेननं: बेल वाजली तर आधी गॅस बंद. मावशीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला, दादाची ती आकड्या-खुणांची टेस्ट कुठं करतात विचारत होती. पुढच्या महिन्यात दोघं येतायत. ताई म्हणाली, पेन्सिल घट्ट धरू नको म्हणून मीच सांगेन त्याला.