एक्मोवरचे पाच दिवस

मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी माझा धाकटा भाऊ खोलीच्या दाराशीच कोसळला. वरचा रक्तदाब ७० पर्यंत उतरला होता आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्यांत मोठ्या गुठळ्या दिसल्या. पायाच्या खोल शिरेत साकळलेले रक्त सुटून वर गेले होते.

“व्हेंटिलेटर का लावत नाही?” असे मी डॉक्टरांना जवळजवळ रागानेच विचारले. त्यांनी शांतपणे समजावले, की खरा धोका हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला होता. त्याची भिंत पातळ असते आणि तिला कमी दाबाची सवय असते. पुढची वाट अचानक बंद झाली की तो कप्पा फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलला जातो, डाव्या कप्प्यात रक्त पुरेसे येत नाही आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातली, तर हृदय तिथेच थांबू शकते. ताज्या शस्त्रक्रियेमुळे गुठळी विरघळवणारे औषधही धोक्याचे होते.

म्हणून एक्मो, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचे काम काही काळ शरीराबाहेरून सांभाळणारे यंत्र. रक्तस्राव, पक्षाघात, पायाचा रक्तपुरवठा तुटणे, हे सारे वाचून मी संमतिपत्रावर सही केली.

जांघेतल्या शिरेतून उजव्या कर्णिकेपर्यंत, म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यापर्यंत, एक जाड नळी गेली. पंप तिच्यातून काळपट रक्त ओढून घेई, यंत्रातले कृत्रिम फुप्फुस त्यात ऑक्सिजन मिसळी आणि लालभडक झालेले रक्त जांघेतल्या धमनीतून परत शरीरात जाई. मिनिटाला सुमारे ४ लिटर. त्या पायाला रक्त कमी पडू नये म्हणून खालच्या दिशेने आणखी एक बारीक नळी होती. तपासणीचे रक्त मात्र उजव्याच हातातून घेत. हृदय सावरू लागले की त्याने ढकललेले रक्त आधी मेंदूकडे आणि उजव्या हाताकडे जाते, त्यामुळे मेंदूला ऑक्सिजन पुरेसा मिळतो का, हे तिथेच कळते, असे परिचारिकेने सांगितले. (१९३१ साली अशाच गुठळीने दगावणाऱ्या एका रुग्णाजवळ रात्रभर बसलेल्या अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन गिबन यांना हृदय-फुप्फुस यंत्राची कल्पना सुचली, हे मला पुढे वाचनात आले.)

एक्मो गुठळी काढत नाही, हे मला उशिरा उमगले. ते केवळ उजव्या कप्प्याचा भार उतरवते आणि उपचारांना वेळ मिळवून देते. दुसऱ्या दिवशी कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून आत सरकवलेल्या बारीक नळीने, गुठळ्या ओढून काढल्या. तिसऱ्या रात्री जांघेतून रक्त झिरपू लागले, तेव्हा रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाचे प्रमाण घटवावे लागले. गुठळी आणि रक्तस्राव यांच्यामधली ती रात्र मला सर्वांत कठीण गेली. पुढे पंपाचा वेग थोडा थोडा उतरवून, प्रत्येक वेळी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) उजवा कप्पा पाहून, पाचव्या दिवशी नळ्या काढल्या.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालूच राहिल्या. तीन महिन्यांनी, जुनी गुठळी धमनीत चिकटून राहिली नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा इको केला. उजवा कप्पा पूर्ववत झाला होता.