करड्या पाठीचा कुरव

जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना होती. हर्णैला मासळीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या की त्यांच्यामागून कुरव, म्हणजे सीगल, येतात आणि ओहोटीला वाळूवर उतरून बसतात. वाढलेले पक्षी ओळखणं जमून जातं, कस लागतो तो पोरांपाशी, म्हणजे अजून पुरत्या न वाढलेल्या पक्ष्यांपाशी. मोठ्या कुरवांना पूर्ण पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात आणि दर हिवाळ्यात रूप बदलतं. म्हणून मी आधी वय ठरवते, मग प्रजाती.

थव्याच्या कडेला एक थोराड पक्षी उभा होता. पाठ करडी, पंख तपकिरी, चोच फिकट आणि टोकाला काळी.

"ताई, ह्यूग्लिनचा कुरव. दुसरा हिवाळा," सोबतची विद्यार्थिनी म्हणाली.

तिचा तर्क बिनबुडाचा नव्हता. ह्यूग्लिनच्या पिल्लाची चोच काळी असते, मग मुळाकडून फिकी होत जाते; दुसऱ्या हिवाळ्यात पाठीवर करडी पिसं दिसू लागतात. पण ती गडद, पाटीच्या रंगाची. ही पाठ फिकट राखाडी होती. स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून, चेहरा निरखला. कपाळ उतरतं, चोच लांब नि जड. डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कडा, मागे काळपट छटा, तीच मानेवर उतरलेली.

"शेपटी बघू दे," मी म्हटलं.

थोड्या वेळाने मासळी वाहणारी बैलगाडी जवळून गेली आणि थवा उठला. पांढरीशुभ्र शेपटी, टोकाला काळा पट्टा, कड अगदी रेखीव. ह्यूग्लिनच्या पोरांत हा काळेपणा मुळाकडे ठिपक्याठिपक्यांनी विरत जातो. हा पल्लासचा कुरव होता, मध्य आशियातल्या तळ्यांकडून आलेला. त्याच्या पाठीवर करडा रंग पहिल्याच हिवाळ्यात चढतो, पंखांवर मात्र पिल्लपणाची तपकिरी पिसं राहतात. म्हणजे वय वर्षभराच्या आतलं! एवढा मोठा पक्षी एवढा लहान, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मग तिने छोट्या कुरवांचं विचारलं, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा वेगळे कसे ओळखायचे. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, पण तो वाढलेल्याचा, पिल्लाचा गडदच. त्यामुळे पोरांत डोळ्यावर विसंबू नये, उडताना पंख बघावा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर दिसते. तपकिरी डोक्याच्या पोराचं पंखाचं टोक सलग काळं. पुढचा तासभर आम्ही तेच केलं.