माटुंगा: आधी फुलं, मग भाजी, मग डोसा

माटुंग्याला जायचं तर सकाळी सातच्या आसपास जावं आणि रिकाम्या पोटी जावं. रविवारी भर दुपारी कॅफे मद्रासच्या रांगेत तासभर उभं राहायचं, डोसा खायचा आणि लगेच टॅक्सीत बसून परतायचं, असं करणारी माझ्या ओळखीची बरीच मंडळी आहेत. त्यांचा डोसा चांगलाच होतो, त्याबद्दल वादच नाही. पण माटुंगा त्यांनी पाहिलेला नसतो. इथली हॉटेलं एका मोठ्या दिनक्रमात बसलेली आहेत. फुलं, देऊळ, बाजार, कॉफी, जेवण, संध्याकाळी गाणं असा तो क्रम. त्या क्रमाने चाललं की ही हॉटेलं अशी का आहेत हे आपोआप उलगडत जातं.

मी मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनवर उतरते. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड वेगळं, हार्बरवरचं किंग्ज सर्कल वेगळं. पहिल्यांदा येणाऱ्याने हे आधी बघून घ्यावं. इथे फक्त धीम्या गाड्या थांबतात. 2017 पासून हे स्टेशन संपूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, देशातलं असं ते पहिलं उपनगरी स्टेशन. तिकीट खिडकीपासून घोषणांपर्यंत बायकाच. मला इथून बाहेर पडताना नेहमी बरं वाटतं.

पूर्वेला बाहेर आलं की थोड्याच अंतरावर फुलांची दुकानं लागतात. दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग असतात, किलोवर व्यवहार असतो, खांद्याला खांदा लागतो. इथलं काम निराळं. इथे फूल विकत घेण्याआधी ते गुंफलेलं असतं. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात मोगऱ्याच्या कळ्या दोन-दोन करून बसवल्या जातात, मध्ये अबोलीचे पट्टे, मध्येच मरव्याची किंवा दवण्याची हिरवी काडी. देवाचे हार मनगटाएवढे जाड. लग्नाचे हार तर दोन हातांनी उचलावे लागतात. गुलाबाच्या पाकळ्या दुमडून, एकावर एक घट्ट रचून केलेले. करणारे बहुतेक पुरुष आहेत आणि बोटांकडे न बघता हार गुंफतात. मी एकाला विचारलं, कळीच का, उमललेलं फूल का नाही? तो म्हणाला, "ताई, आत्ता उमललेलं संध्याकाळी काळं पडतं. कळी घ्या, रात्री घरात फुलेल." गजरा वितीने मोजून मिळतो. एक वीत घेतला आणि केसांत माळून पुढे निघाले.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं चालणं अर्धवट राहील. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या जुन्या शहराला हवा-उजेड मिळावा म्हणून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागात आखीव वस्त्या उभ्या करायचं ठरलं. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, इमारतींमध्ये मोकळी जागा. 1920-30च्या दशकांत इथे ज्या इमारती झाल्या त्यांत प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं न्हाणीघर-संडास होतं. चाळीत ते सामाईक असायचं. मद्रास इलाख्यातून रेल्वेत, विमा कंपन्यांत, सरकारी कचेऱ्यांत टंकलेखक आणि कारकून म्हणून आलेल्या, सोवळं-ओवळं सांभाळणाऱ्या तमिळ कुटुंबांना नेमकं हेच हवं होतं. एकाने यावं, मग भावाला बोलवावं, मग मेव्हण्याला, अशी ही वस्ती भरत गेली.

आणि या तमिळ वस्तीतल्या रस्त्यांची नावं पाहा: तेलंग रोड, भांडारकर रोड, चंदावरकर रोड, भाऊ दाजी रोड. काशिनाथ त्र्यंबक तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, त्यांनी भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते जेमतेम त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृतचे पंडित. नारायण गणेश चंदावरकर न्यायमूर्ती आणि प्रार्थना समाजाचे पुढारी. भाऊ दाजी लाड डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक. भायखळ्याचं संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचं एवढं मोठं विद्वत्मंडळ एका वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभं आहे. मी त्या निळ्या पाट्या थांबून वाचते, आणि बरोबर कोणी लहान मूल असेल तर त्यालाही वाचायला लावते.

आस्तिक समाजाचं देऊळ इथलं जुनं, 1923 पासूनचं. आत रामाच्या गाभाऱ्यासमोर तेलाच्या समया, कापराचा वास, आणि भिंतीला टेकून स्तोत्र पुटपुटणाऱ्या नऊवारी नेसलेल्या आज्या. ते नऊवारी आपल्यासारखं नाही, 'मडिसार' म्हणतात त्याला. नेसण पुढून साडीसारखी दिसते आणि मागे काष्टा असतो. आता रोज ते नेसणाऱ्या फार थोड्या उरल्या असाव्यात. देवळातून बाहेर पडलं की पूजेच्या सामानाची दुकानं लागतात. त्यांत गिरी ट्रेडिंगला मी जरूर जाते. पंचांगं, स्तोत्रांची पुस्तकं, पितळी समया, आणि नवरात्राच्या आधी मातीच्या बाहुल्या. तमिळ घरांत नवरात्रात 'गोलू' मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांची आरास. आपल्या गौरीपुढची आरास ज्यांना आवडते त्यांनी त्या दिवसांत इथे अवश्य यावं.

मग भाजीबाजार. माझ्यापुरतं सांगायचं तर माटुंग्याचं खरं आकर्षण हेच. बोटाच्या पेराएवढे सांबारचे कांदे, पांढरा कोहळा कापून फोडींत, सुरण, पडवळ, शेवग्याच्या लांबच लांब शेंगा, कच्ची केळी, केळीचा पांढराशुभ्र गाभा, केळफूल, ताज्या कढीपत्त्याच्या जुड्या आणि जेवायला केळीची पानं. यातलं बरंचसं कोकणातल्या घरांत ओळखीचं आहे. पण कृती बदलते. केळफूल हातात घेऊन बघत होते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका मामींनी (इथे पोक्त तमिळ बाईला सगळे मामीच म्हणतात) विचारलं, "तू कसं करतेस?" मी म्हटलं, काळे वाटाणे घालून, वरून ओलं खोबरं. त्यांनी 'उसिली' सांगितली: तूरडाळ भिजवून, लाल मिरची आणि हिंगाबरोबर भरड वाटायची, वाफवायची, हाताने मोकळी करायची, आणि मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत चिरलेल्या केळफुलाबरोबर परतायची. चिरून ताकाच्या पाण्यात टाकायचं हे दोघींचं सारखंच. "प्रत्येक फुलातला तो कडक दांडा काढ हं, तो शिजत नाही," एवढं बजावून त्या गेल्या. त्या रात्री मी उसिली केली. डाळ मोकळी झाली, भाताबरोबर वाढली, घरात सगळ्यांना आवडली.

आता भूक लागलेली असते, आणि स्टेशनजवळच्या हॉटेलांत नाश्त्याची गर्दी ऐन भरात असते. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते, कारण बहुतेक लोक ती गृहीत धरून चुकतात. ही वस्ती तमिळ; पण हॉटेलं बहुतेक तमिळांची नाहीत. ती उडुपी-मंगळूर पट्ट्यातल्या लोकांनी काढलेली. उडुपीच्या कृष्णमठाभोवती वाढलेली शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा ते घेऊन आले आणि माटुंग्यातल्या एकट्या राहणाऱ्या तमिळ कारकुनांना दोन वेळचं जेवण देऊ लागले. म्हणून इथल्या सांबारात गुळाची हलकी गोडी लागते. चेन्नईहून आलेला माणूस त्याला नाक मुरडतो, आणि इथे तीन पिढ्या वाढलेल्या तमिळ घरांना तेच सांबार आपलं वाटतं. मला ही गोडी आवडते, बहुधा आमटीत गूळ घालणाऱ्या घरात वाढल्यामुळे.

भांडारकर रोडवरचं राम आश्रय 1939चं. पहाटेपासून उघडं असतं. उपमा, इडली आणि अननसाचा शिरा. शिऱ्यात अननसाच्या फोडी खऱ्या असतात आणि तूप हात न आखडता घातलेलं. टेबलं सामाईक, समोर कोण येऊन बसेल ते आपल्या हातात नाही. एकदा समोर बसलेले आजोबा वाटीत इडली कुस्करून, वर सांबार ओतून, चमच्याने शांतपणे खात होते. तेव्हापासून मीही तसंच खाते.

किंग्ज सर्कलला, म्हणजे आताच्या माहेश्वरी उद्यानाच्या वर्तुळाला लागून कॅफे मद्रास आहे, 1940चं. गोल रस्त्याला समांतर वळलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर. रांग असतेच, पण आत बसल्यावर पदार्थ फार लवकर येतात. इथे साध्या मसाला डोशात न अडकता रागी डोसा घ्यावा आणि रसम वडा घ्यावा. रसम नुसतं आंबट-तिखट नाही, मिरीचा ठसका मागाहून घशाशी येतो, आणि वडा त्यात मुरलेला असूनही मधोमध कडकपणा राखून असतो. जवळच 1936 पासूनचं कॅफे मैसूर. दोन्हींत कोण चांगलं यावर माटुंगेकर तासन्‌तास बोलू शकतात. माझं मत कॅफे मद्रासच्या बाजूने आहे, केवळ त्या रसमसाठी.

याच सर्कलवर कूलर अँड कंपनी हे इराणी हॉटेलही आहे, 1932चं. उडुपींच्या गर्दीत इराणी कसा, तर पलीकडे दादर पारसी कॉलनी आणि तिची फाइव्ह गार्डन्स आहेत. जुन्या लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी), आणि पोटभर अंडी घातलेलं 'रेसलर ऑम्लेट'. मी फक्त चहा घेते. खुर्चीत बसून रस्त्यावरची ये-जा बघण्यासाठी ती जागा फार छान आहे.

नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये चालावं लागतंच. आंबेडकर रोडवरच्या उड्डाणपुलाखाली नानालाल डी. मेहता उद्यान आहे. पुलाखालची जागा इतर ठिकाणी मोडक्या गाड्यांनी भरते. इथल्या रहिवाशांनी ती तशी होऊ दिली नाही, पाठपुरावा करून बाग करून घेतली. मधली पायवाट नर्मदेच्या वळणांप्रमाणे काढली आहे. दोन्ही बाजूंनी वाहनं धावत असतात आणि मध्ये माणसं फेऱ्या मारतात, पेपर वाचतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांत मुंबईत झालेल्या सर्वांत शहाण्या कामांपैकी हे एक आहे.

जेवायला ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942चं. स्टेशनाजवळच्या बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. केळीच्या पानावर जेवायचं असेल तर आधीच तसं सांगून कूपन घ्यायचं. मग पानावर भाज्या येतात, पापड, चपात्या किंवा पुऱ्या, नंतर भात आणि त्यावर सांबार, पुन्हा भात आणि रसम, शेवटी भात आणि ताक. वाढपी गडबडीत असतात, पण पानाकडे त्यांचं लक्ष असतं. पानात टाकायचं नाही, हे सगळे पाळतात. भात-सांबार-रसम-ताक हा क्रम मोडू नये. जड, मग हलकं, मग थंड असं पोट शांत होत जातं. इथे कोणी गप्पा मारत रेंगाळत नाही, बाहेर पुढची पंगत उभी असते.

संध्याकाळ गाण्याची. शीवच्या बाजूला चालत गेलं की षण्मुखानंद सभागृह लागतं. सभा, म्हणजे ते चालवणारी संस्था, 1952ची; सभागृह 1963चं. 1990 साली ते आगीत भस्मसात झालं आणि काही वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. अडीच हजारांवर माणसं मावतात. हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या माझ्यासारखीला कर्नाटक मैफलीत सर्वांत आधी प्रेक्षक दिसले: शेजारच्या बाई मांडीवर टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट असा आदितालाच्या आठ मात्रांचा हिशेब धरत होत्या, पुढच्या रांगेतला दहा-बारा वर्षांचा मुलगाही. अख्ख्या सभागृहाच्या हातांत ताल होता. गायकाने कल्पनास्वरांत, म्हणजे आयत्या वेळी रचलेल्या सरगमीत, अवघड तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) सोडली आणि सगळे हात एकदम समेवर पडले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

माटुंगा बदलतो आहे, हेही लिहायला हवं. जुन्या तमिळ कुटुंबांची पुढची पिढी चेंबूर, मुलुंड, डोंबिवली, नवी मुंबई आणि परदेशात गेली. त्यांच्या जागी कच्छी आणि गुजराती कुटुंबं आली. फरसाणाची आणि केळ्याच्या वेफर्सची दुकानं त्यांच्यामुळे फुलली, आणि ती दुकानंही उत्तम आहेत. जुन्या तीन मजली इमारतींच्या जागी उंच मनोरे उठत आहेत. मला याची खरंच काळजी वाटते, कारण फुलवाला, सांबार कांदे विकणारी, पंचांग विकणारा हे सगळे रोजच्या गिऱ्हाइकावर जगतात. अजून तरी वरलक्ष्मी व्रताच्या आदल्या दिवशी डोंबिवलीहून लोकल पकडून बायका इथे येतात, कारण तो हार आणि ते केळीचं पान त्यांना हवं तसं इथेच मिळतं. तेवढ्यावर हा बाजार टिकून आहे.

जाणार असाल तर सोमवार टाळा, कॅफे मद्रास बंद असतं. शनिवारी सकाळी देवळांत आणि फुलांच्या गल्लीत गर्दी जास्त, पण मजाही जास्त. कापडी पिशवी न्या. कॉफी शेवटी घ्या: मैसूर कन्सर्न्समध्ये बिया समोर दळून मिळतात, पीबेरी आणि प्लांटेशन या दोन प्रकारच्या मिसळून, चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) हवी तर किती टक्के ते आपण सांगायचं. मी वीस टक्के घालायला सांगते. त्याने डिकॉक्शन (कॉफीचा अर्क) दाट उतरतं आणि दुधात कॉफी फिकी पडत नाही. एका वेळी पाव किलोवर घेऊ नका, पंधरा दिवसांत पावडरीचा वास उडू लागतो.