मांजर बोचकारते त्याआधी
मांजर पाळणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: चांगले मांडीवर बसून लाड करून घेत होते आणि एकदम बोचकारून पळाले. माझे मत असे की, मांजर पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय सहसा पंजा मारत नाही. आपले लक्ष मात्र त्याच्या चेहऱ्याकडे आणि घुरघुरीकडेच असल्यामुळे मागच्या बाजूला काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही.

पाठीवरून हात फिरवताना नीट पाहावे. आधी शेपटीचे केवळ टोक वळवळू लागते, मग हात जिथून गेला तिथली कातडी थरथरते, अंग किंचित ताठ होते, पुढे रोखलेले कान बाजूला वळतात आणि मान झटकन हाताकडे फिरते. शेपूट जोराने आपटायला लागली की मांजराचा संयम संपत आला आहे, असे खुशाल समजावे. कुत्र्याची हलती शेपूट पाहून तयार झालेली आपली नजर इथे हटकून फसते. उताणे होऊन पोट दाखवणाऱ्या मांजराचेही तसेच आहे: त्याला आपला धोका वाटत नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो, पोट खाजवण्याचे ते आमंत्रण नव्हे.

याच शेपटीचा सर्वांत स्पष्ट संकेत म्हणजे ती सरळ उभी धरून, टोक जरासे वाकवून समोर येणे. पिल्ले आईकडे अशीच जातात आणि मोठेपणी मांजरे ही खूण एकमेकांना व आपल्याला मैत्रीची म्हणून देतात. पिंजारलेली शेपूट मात्र भीतीची असते. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकुंचन पावून केस उभे राहतात आणि मांजर आहे त्यापेक्षा मोठे दिसते.

डोळ्यांच्या बाबतीत थोडे सबुरीने घ्यावे, कारण बाहुल्या भीतीने विस्फारतात, खेळाच्या भरात विस्फारतात आणि खोलीत अंधार असला तरी विस्फारतात. त्यामुळे कान आणि शेपूट यांची साक्ष काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सावकाश मिटणारे डोळे त्या मानाने भरवशाचे. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसाने मांजराकडे पाहून डोळे हळूहळू बारीक करून मिटले, तर मांजरेही तसाच प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला अधिक राजी होतात, असे आढळले. (टक लावून पाहणे त्यांना मुळीच रुचत नाही.)

घुरघुर मात्र फसवी आहे. जखमी किंवा आजारी मांजरही घुरघुरते, म्हणून दुखणे ओळखायचे तर चेहराच वाचावा लागतो. माँट्रियल विद्यापीठात त्यासाठी तयार झालेली आणि 2019 साली प्रसिद्ध झालेली मोजपट्टी पाच गोष्टी पाहते: कानांची ठेवण, डोळ्यांचे आक्रसणे, तोंडाभोवतीचा ताण, मिश्यांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची. प्रत्येकीला 0 ते 2 गुण द्यायचे असतात आणि बेरीज 4 किंवा अधिक झाली, तर वेदनाशामकाचा विचार करावा असे ती सुचवते. ते औषध पशुवैद्यानेच ठरवायचे. माणसांसाठीचे पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतू शकते.