तो दाखला ह्याच्यासाठी होता?

साताऱ्यात वकिली करायची म्हणजे फौजी घरांची प्रकरणं येणारच. हे 2022च्या उन्हाळ्यातलं. घटस्फोट होऊन गेलेला, बाईंनी स्वतःची पोटगी सोडलेली. वाद उरला होता दोन मुलांच्या खर्चाचा.

मुलांचा बाप फौजेत नाईक, सुट्टीवर आला होता. त्याच्या पगारपत्रकावरची हाती पडणारी रक्कम बघून माझी अशील हिरमुसली. मी वजावटीच्या रकान्यावर बोट ठेवलं: एएफपीपी फंड, म्हणजे जवानांचा भविष्य निर्वाह निधी, महिना 20,000. किमान वर्गणी सोडली तर ही स्वखुशीची बचत, पैसा त्याचाच. सक्तीच्या वजावटी सोडून बाकी धरायचं, हे मला कॉलेजने नाही, कोर्टातल्या एका म्हाताऱ्या शिरस्तेदाराने शिकवलं.

जमेच्या बाजूला सियाचीन भत्ता होता, 30,000. मूळ पगारापेक्षा जास्त. तोही धरा, असं मी म्हणताच त्याने स्वतःच्या वकिलाला थांबवलं. "मॅडम, पलटण खाली उतरली की तो बंद. मग कुठून देऊ?" पगारपत्रकाची घडी उलगडणाऱ्या हाताची दोन नखं काळी पडली होती. खरं सांगते, मी जरा गप्पच झाले.

शेवटी तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं दोघांच्या सहीचं निवेदन, लिहिली. मूळ पगार, 5,200 एमएसपी (फौजी सेवेचं वेगळं वेतन) आणि महागाई भत्ता धरून दरमहा रक्कम. सियाचीनचा भत्ता मिळेल त्या महिन्यांत मुलांच्या पोस्टाच्या खात्यात वेगळी भर. आर्मी ॲक्टचं कलम 28 असल्याने कोर्टाला फौजीचा पगार जप्त करता येत नाही. म्हणून पैसे थकले तर त्याच कायद्याच्या कलम 91खाली पलटणीकडे अर्ज करून ते पगारातूनच कापून घ्यायचे, हेही त्यात घातलं.

सह्या व्हायच्या आधी मी सहज विचारलं, "मुलांचा शिक्षण भत्ता?"

तेव्हा तो मुलामागे महिना 2,250 होता. शाळेचा दाखला दिला की वर्षाचे 27,000 एकदम मिळायचे. दोघांचे 54,000. तो खाली बघत राहिला.

"म्हणजे दर एप्रिलला भावजी येऊन न्यायचे तो दाखला ह्याच्यासाठी होता?" बाई म्हणाल्या. "चार वर्षं मी हेडबाईंच्या दारात उभी राहून आणलाय तो. आणि फी माझ्या शिलाईच्या पैशांतून."

पुरसीशीत मी हाताने आणखी एक कलम वाढवलं: हा भत्ता आला की आठ दिवसांत पूर्ण रक्कम आईच्या खात्यात.

सह्या झाल्या. बाईंनी पर्समधून शाळेची जुनी पावती काढली आणि उलटी करून त्याच्यापुढे धरली.

"आता भावजींना पाठवू नका. पत्ता लिहा, मी रजिस्टरने पाठवीन."

त्याने पलटणीचं नाव लिहिलं, खाली फौजी टपालाचा पत्ता: 56 एपीओ.