धनत्रयोदशीला रिकाम्या हाताने परतलो

लातूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. २०१८ साली घेतलेला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप २०२४ च्या दिवाळीपर्यंत पार थकला होता. फोर-के क्लिप टाइमलाइनवर टाकली की सनईचा आवाज पुढे जायचा आणि अक्षता हवेतच थांबायच्या. बॅटरी नावालाच उरलेली. लाईट गेली की लॅपटॉप बंद, सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात.

अ‍ॅपलचा मॅकबुक एअर लॅपटॉप घ्यायचा हे पक्कं होतं. अडलं होतं ते ‘आत्ता की थांबून’ यावर. बाजारात एम-२ आणि एम-३ चिपचे एअर होते. एम-४ चिप मे महिन्यातच आयपॅड प्रोमध्ये आली होती, म्हणजे आज ना उद्या एअरमध्ये येणार हे दिसत होतं.

२९ ऑक्टोबरला धनत्रयोदशी. संध्याकाळी वडिलांना घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर ओळीने बॉक्स मांडलेले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट उमटवलेलं. मी बॉक्स उलटा करून खालचं लेबल वाचलं: ८ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण. आणि हात थांबला. आदल्याच रात्री अ‍ॅपलचा नवा आयमॅक, म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर, जाहीर झाला होता आणि त्याचं सगळ्यात स्वस्त मॉडेलही १६ जीबीपासून सुरू होत होतं. तिथे १६ केले, तर एअरमध्ये ८ किती दिवस ठेवतील? या लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. आज चुकलो तर पुढची पाच-सहा वर्षं त्याच ८ जीबीवर काढावी लागणार.

दुकानदार म्हणाला, “दादा, मुहूर्त सोडू नका.” मी सोडला. गाडीवर बसताना वडील एवढंच बोलले, “सणाला वस्तू घरात यायला पाहिजे होती. कशाची वाट बघायलास?”

दुसऱ्या दिवशी रात्री बातमी आली. एम-२ आणि एम-३ दोन्ही एअर आता १६ जीबीपासून, किंमत तीच. एम-२ चे ९९,९०० रुपये. एका दिवसात दुप्पट रॅम!

खरी परीक्षा इथून पुढे होती. एक दिवस थांबून एवढं मिळालं, तर एम-४ साठी आणखी थांबावं असं मनात यायला लागलं. पण एम-२ एअर जुलै २०२२ मध्ये आला, एम-३ मार्च २०२४ मध्ये. यातून पुढची तारीख काय काढणार?

घरात तेव्हा सोयाबीनची थप्पी लागलेली. हमीभाव क्विंटलला ४,८९२, मोंढ्यात भाव त्याच्या खाली. वडील रोज सौद्याची चौकशी करायचे आणि म्हणायचे, “भाव वाढला तरी घट धरावी लागते.” माल वाळतो, वजन उतरतं, तेवढं वजा करूनच नफा मोजायचा. त्या रात्री वहीत मी माझी घट मांडली. तुळशीचं लग्न १३ नोव्हेंबरला, त्यानंतरची सहा लग्नं बुक. जुन्या लॅपटॉपवर एका लग्नाला नऊ-दहा दिवस जायचे. म्हणजे थांबलो तर निम्मी कामं दुसऱ्याकडे.

मग एम-२ च घेतला. त्याच्या २५६ जीबीवाल्या मॉडेलची एसएसडी, म्हणजे आतली साठवण, एम-३ पेक्षा संथ आहे, हे मला माहीत होतं. पण माझं फुटेज तसंही बाहेरच्या ड्राइव्हवर असतं. एम-३ न घेतल्याने वाचलेल्या १५ हजारांतून तो ड्राइव्हच चांगला घेतला. एअरला थंड ठेवणारा पंखा नसतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात भरदुपारी लांब एक्स्पोर्ट लावत नाही. ते काम रात्री.

५ मार्च २०२५ ला एम-४ एअर जाहीर झाला. किंमत ९९,९००, मी एम-२ ला दिले तेवढेच. मन खट्टू झालं, नाही म्हणणार नाही. संध्याकाळी वही काढली. तोपर्यंत अकरा लग्नं देऊन झाली होती आणि लॅपटॉपचे पैसे फेब्रुवारीतच निघाले होते. सोयाबीन वडिलांनी जानेवारीत विकलं. भाव वाढला नव्हता, घट मात्र आली होती.